पंधरा किलोंचा हिशेब

अत-बाशीत त्या जानेवारीत
पारा उणे चौतीसवर जाऊन बसला
आणि उठायचं नाव घेईना.
टेकडीच्या पोटात खोदलेल्या तळघरात
आमचे अकरा पोती बटाटे.

आई म्हणाली, शेगडी पेटवू खाली.
वडील बॉयलरखान्यात फिटर. म्हणाले,
कोळसा घरालाच पुरत नाही,
आणि धूर कोंडला की बटाट्यांआधी आपण.
मग बादल्यांमागून बादल्या नेऊन
त्यांनी दोन पिंपं पाण्यानं भरली
पोत्यांच्या मधोमध.

"गारठ्यात गार पाणी," आई म्हणाली,
"आजाऱ्याच्या उशाला आणखी एक आजारी."

वडिलांनी वही उघडली.
मी नऊ वर्षांची, हातात कंदील.
बघ, म्हणाले, पाणी फुकट गोठत नाही.
गोठताना किलोमागे ऐंशी किलोकॅलरी
सोडूनच जातं, पै न चुकवता.
तेवढ्या उबेत तेवढंच बर्फगार पाणी
चहाला चालेल इतकं तापेल.
आणि बटाट्याचा रस गोठतो शून्याच्या जरा खाली,
पाणी शून्यावरच.
म्हणजे आधी पाण्याचा नंबर.
पिंपात पाणी शिल्लक आहे तोवर
बटाट्यांना कोण हात लावतंय?

भिंती इतक्या, छत इतकं, मातीचा थर इतका,
संध्याकाळी सहा ते सकाळी आठ.
पेन्सिलीला थुंकी लावत
त्यांनी खाली दोन रेघा मारल्या:
रात्रीला तीस किलो बर्फ.

सकाळी काटा शून्यावर.
पोत्यात हात घातला, बटाटे टणक, कोरडे.
वडिलांनी पहारीनं बर्फ फोडला,
बटाट्यांच्याच तराजूत घातला
आणि गप्प झाले.
पंचेचाळीस.

दुसऱ्या रात्री पुन्हा पंचेचाळीस.
तिसऱ्या रात्री सेहेचाळीस.
बटाटे शाबूत होते, पण वडिलांना जेवण जाईना.
पंधरा किलो कुठून आले?
त्यांनी भिंती पुन्हा मोजल्या, छत मोजलं,
मला चार वेळा गुणाकार करायला लावला.
आणि रोज पाठीवर
बर्फाचे तुकडे बाहेर, पाण्याच्या बादल्या आत.

"थंडी येतेय कुठून तरी," आई म्हणाली.
"थंडी येत नसते, बुबुसारा," वडील म्हणाले,
"ऊब जाते. थंडी नावाची वस्तूच नाही."
हे वाक्य ते बॉयलरखान्यातल्या
प्रत्येक नव्या पोराला ऐकवायचे.

आई काही बोलली नाही.
चौथ्या संध्याकाळी तिनं मेणबत्ती घेतली,
मला हाताला धरून खाली नेलं, दार लावलं
आणि दाराच्या कडेकडेनं ज्योत फिरवू लागली
जशी लेकराच्या अंगावरून हात फिरवत
कुठं दुखतंय ते शोधावं.
वरच्या फटीपाशी ज्योत बाहेरच्या बाजूला ओढली गेली.
उंबऱ्यापाशी आणली,
तर आडवी होऊन आमच्याकडे वळली
आणि विझली.

अंधारात आई म्हणाली,
"जाते वरून. आणि येते खालून.
बापाला सांग तुझ्या."

मी सांगितलं नाही.
जुन्या नमद्याच्या पट्ट्या कापून
आम्ही दोघींनी फटी बुजवल्या,
उंबऱ्याला गोणपाट ठोकलं.
एक खिळा वाकडा गेला, तो तसाच राहिला.

सकाळी वडील तळघरातून वर आले ते
बूट न झटकताच.
एकतीस, म्हणाले. मग थोड्या वेळानं पुन्हा,
एकतीस.
चहा घेताना आईकडे बघत होते.
आई पिठाचे हात धूत होती.

आता मी बिश्केकमध्ये इमारती तपासते.
माझ्याकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा आहे,
पडद्यावर भिंत निळी-तांबडी दिसते.
तरी पहिली मी मेणबत्ती लावते.
बरोबरची पोरं हसतात.

वडिलांची वही माझ्याकडे आली,
चहाच्या डागांसकट.
त्या पानावर पंचेचाळीस वजा तीस,
खाली पंधरा, भोवती तीन गोल
आणि प्रश्नचिन्ह, कागद फाटेस्तोवर गिरवलेलं.
त्याशेजारी जाड, वाकड्या अक्षरात,
जी किराण्याच्या यादीखेरीज
कधी काही लिहायची नाही तिनं लिहिलेला
एकच शब्द:
दार.